नारिंगी तिकीट, निळं तिकीट

१९३३ चा उन्हाळा सरता सरता अमेरिकेच्या सरकारने आपल्याच शेतकऱ्यांकडून सुमारे ६० लाख डुकरं विकत घेतली, ती मारून टाकण्यासाठी. बहुतेक पिल्लंच होती. डुकराच्या मांसाला भाव उरला नव्हता, मक्याला नव्हता, कापसालाही नव्हता. कापसाचं तर उभं पीक शेतकऱ्याला पैसे देऊन नांगराखाली घालायला लावलं. बाजारात माल कमी झाला की भाव चढेल, असा हिशेब. जरा मोठी जनावरं होती त्यांचं मांस खारवून गरिबांना वाटलं गेलं. पण पिल्लं इतकी लहान की कत्तलखान्यातल्या यंत्रांत ती नीट बसतच नव्हती. त्यांची चरबी निघाली, खत झालं, बाकीचं वाया गेलं. त्याच दिवसांत मोठ्या शहरांत फुकटच्या सुपासाठी रांगा लागत होत्या आणि चार कामगारांमागे एक बेकार होता.

लोक भडकले, आणि ते साहजिकच होतं. कृषिमंत्री हेन्री वॉलेस स्वतः आयोवाचे, मक्याच्या संकरित बियाण्यात आयुष्य घातलेले. शेतमालाच्या भावाचं गणित त्यांना तोंडपाठ होतं, पण उपाशी माणसासमोर अन्न नष्ट करायचं गणित कुणालाच पटवून देता येत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने एक महामंडळ काढलं: शेतकऱ्याचा उरलेला माल विकत घ्यायचा आणि गरजूंना वाटायचा.

अमेरिकेतल्या सरकारी अन्नमदतीची कथा इथे सुरू होते. गरिबाच्या रिकाम्या ताटापेक्षा शेतकऱ्याच्या भरलेल्या कोठाराची काळजी तिच्या मुळाशी जास्त आहे. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढची नव्वद वर्षं गरिबाच्या पिशवीत काय असावं यावरून झालेली भांडणं समजायला सोपी जातात. त्या भांडणांत पोषण हा शब्द फार उशिरा आला.

फुकट वाटपाची पद्धत कुणालाच धड मानवली नाही. सरकारी गोदामातून एका आठवड्याला मनुके, पुढच्या आठवड्याला पीठ, मग अचानक ढीगभर कोबी, असं जे उरेल ते यायचं. घरी नेईपर्यंत निम्मं खराब व्हायचं. घेणाऱ्याला लाज वाटायची, कारण रांग भर चौकात असायची. पण सगळ्यांत मोठा आवाज होता किराणा दुकानदारांचा. सरकार फुकट वाटायला लागलं तर आमच्याकडे येणार कोण, असं ते विचारत होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि त्यांच्या संघटना वॉशिंग्टनमध्ये वजनदार होत्या.

यातून वाट काढली ती मायलो पर्किन्स यांनी. हे गृहस्थ ह्यूस्टनमधले गोणपाटाच्या पिशव्यांचे व्यापारी. वॉलेस यांच्या हाताखाली येऊन ते या उरलेल्या मालाच्या महामंडळाचे प्रमुख झाले. एका कड्यावर मालाचे ढीग, समोरच्या कड्यावर हात पसरलेली शहरातली माणसं आणि मध्ये दरी, अशा शब्दांत ते अडचण सांगत. दरीवर त्यांनी बांधलेला पूल व्यापाऱ्याच्याच डोक्यातून निघाला होता: माल दुकानातूनच जाऊ द्या, गरिबाच्या हातात फक्त तिकीट द्या.

१६ मे १९३९ ला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ही तिकिटं पहिल्यांदा विकायला आली. विकायला, फुकट नव्हे. मदतीवर असलेल्या माणसाने आधी नारिंगी तिकिटं विकत घ्यायची, एरवी खाण्यावर जेवढा खर्च करतो साधारण तेवढ्या पैशांची. एक डॉलरची नारिंगी तिकिटं घेतली की वर पन्नास सेंटची निळी तिकिटं फुकट. प्रत्येक तिकीट पंचवीस सेंटचं. नारिंगी तिकिटावर खाण्याचं काहीही घ्या. निळ्यावर मात्र कृषिखात्याने ‘उरलेला माल’ म्हणून जाहीर केलेलंच घ्यायचं. रॉचेस्टरच्या पहिल्या यादीत लोणी, अंडी, कणीक, मक्याचं पीठ, वाळवलेला घेवडा, सुकवलेले आलुबुखार, संत्री, ग्रेपफ्रूट अशा वस्तू होत्या. दुकानदार खिडकीत पाटी लावून आज निळ्या तिकिटावर काय मिळेल ते लिहायचे. तिकिटं घेणाऱ्यांच्या रांगेत पहिली होती कारखान्यातलं काम गेलेली एक बाई. तिचे फोटो निघाले, वर्तमानपत्रांत आले.

या योजनेची हुशारी कुणालाही दाद द्यावीशी वाटेल अशी आहे. गरिबाने स्वतःचे पैसे नारिंगी तिकिटांत घातल्यामुळे निळ्या तिकिटांचा माल हा निव्वळ जास्तीचा खप होता. म्हणजे शेतकऱ्याचा माल खरोखर हलत होता, दुकानदाराचा गल्ला भरत होता आणि घरात चार अंडी जास्त येत होती. पण यादी कुणाच्या सोयीची होती तेही पाहावं. यादीत दूध, अंडी, फळं असतील तर ती त्या महिन्यात बाजारात जास्त आलेली म्हणून. पुढच्या महिन्यात भाव सुधारला की ती वस्तू यादीतून गायब. घरातल्या पोराला लोहाची गरज आहे की जीवनसत्त्वाची, याचा यादीशी संबंध नव्हता.

पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात तिकिटांचा गैरव्यवहार करणारा पहिला दुकानदार पकडलाही गेला. जिथे कुपन आलं तिथे काळाबाजार आला. आपल्याकडच्या रेशन दुकानांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. तरी योजना पसरत गेली. चार वर्षांत देशातल्या जवळजवळ निम्म्या काउंट्यांत ती पोचली, केव्हा ना केव्हा तिचा लाभ घेतलेल्यांची संख्या सुमारे दोन कोटी झाली. मग युद्ध आलं. कारखान्यांना माणसं कमी पडू लागली, फौजेला अन्न कमी पडू लागलं, उरलेला माल उरला नाही. १९४३ च्या वसंतात योजना बंद झाली. गरीब लोक तोवर संपले होते अशातला भाग नाही.

त्यानंतर सोळा-सतरा वर्षं फूड स्टॅम्प, म्हणजे हीच अन्नाची तिकिटं, हा विषय अमेरिकी काँग्रेसमध्ये अधूनमधून कुणीतरी उकरून काढायचं आणि कुणीतरी पुरायचं. उकरणाऱ्यांत सगळ्यांत चिवट होत्या सेंट लुइसच्या लिओनोर सलिव्हन. १९५२ ला निवडून आल्यापासून त्यांनी हा विषय धरून ठेवला होता. आणि इथे ही गोष्ट एका अनपेक्षित वळणावर आपल्या घराजवळून जाते.

१९५४ साली आयझेनहॉवर यांच्या काळात एक कायदा झाला, त्याचा क्रमांक आपल्याकडे घराघरांत ठाऊक झाला: पीएल-४८०. अमेरिकेचा उरलेला गहू बाहेरच्या देशांना त्यांच्याच चलनात विकायचा कायदा. साठच्या दशकातल्या टंचाईत महाराष्ट्रातल्या रेशन दुकानावर आलेला तांबूस गहू आणि ‘मिलो’ नावाची लाल ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या तोंडात त्या भाकरीची चव अजून असेल. ती चव चांगली होती असं म्हणणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही. तर १९५९ मध्ये या पीएल-४८० ची मुदत वाढवायचं विधेयक आलं, तेव्हा सलिव्हनबाईंनी त्यात एक कलम घालून घेतलं: कृषिमंत्र्यांना देशातल्या देशात फूड स्टॅम्प चालवायचा अधिकार. म्हणजे ज्या कायद्याने अमेरिकेचं धान्य मुंबई बंदरात उतरत होतं, त्याच कायद्याला अमेरिकेतल्या गरिबाचं तिकीट टाचून आलं. आयझेनहॉवर सरकारने तो अधिकार वापरलाच नाही. जगाला गहू पाठवायला ते तयार होते, पण वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगाराला दुकानात पाठवायला नाही.

१९६० मध्ये जॉन केनेडी अध्यक्षपदासाठी मतं मागत त्याच वेस्ट व्हर्जिनियात फिरले. कोळशाच्या खाणींत यंत्रं आली होती, माणसं घरी बसली होती, आणि घरात सरकारी गोदामातलं पीठ, दुधाची भुकटी, डुकराची चरबी यांवर दिवस निघत होते. निवडून आल्यावर २१ जानेवारी १९६१ ला काढलेला त्यांचा पहिला आदेश अन्नवाटप वाढवण्याचाच होता. पुढच्याच महिन्यात फूड स्टॅम्पच्या प्रायोगिक योजनेची घोषणा झाली. ती आखणाऱ्या छोट्या गटात कृषिखात्यातल्या इझाबेल केली होत्या. अर्थतज्ज्ञ आणि पुढे फूड स्टॅम्प विभागाच्या पहिल्या संचालक. अमेरिकी सरकारच्या १९६१ मधल्या दालनांत असं बाईचं नाव विरळाच.

२९ मे १९६१ ला मॅकडॉवेल काउंटीतल्या वेल्च गावी पंधरा माणसांच्या एका कुटुंबाने ९५ डॉलरची तिकिटं घेतली आणि एका सुपरमार्केटमध्ये पहिली वस्तू उचलली ती घेवडा आणि डुकराच्या मांसाचा डबा. या खेपेला निळी तिकिटं नव्हती. केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या मालाची खास यादीच काढून टाकली होती. त्यांचं म्हणणं असं की हातात खरेदीची ताकद आली की लोक आपोआप दूध, मांस, भाजी जास्त घेतील, आणि शेतकऱ्याचंही भलं होईल. तिकीट आधी पैसे देऊन विकत घ्यायची अट मात्र तशीच राहिली. ती पुढे फार महागात पडणार होती.

१९६४ मध्ये योजनेला कायमचा कायदा करायची वेळ आली आणि मजा सुरू झाली. दक्षिणेतल्या शेतकरी भागांतले खासदार म्हणत, शहरातल्या लोकांसाठी आम्ही मत का द्यावं? शहरांतले खासदार म्हणत, मग तुमच्या कापूस-गव्हाच्या अनुदानाला आम्ही तरी का द्यावं? उत्तरेकडच्या मंडळींनी तंबाखू संशोधनाचं एक विधेयक समितीत अडकवून धरलं आणि फूड स्टॅम्प बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. एप्रिलमध्ये एकाच दिवशी सभागृहाने कापूस-गव्हाचं विधेयकही संमत केलं आणि फूड स्टॅम्पचंही. तेव्हापासून आजतागायत अमेरिकेत शेतीचं विधेयक आणि गरिबाचं अन्न बहुतेक एकाच गाडीतून जातं. एकाला उतरवलं तर दुसऱ्याचं चाक निखळतं.

पण पिशवीत काय असावं हा वाद याच विधेयकात पहिल्यांदा उघड झाला. खालच्या सभागृहाने संमत केलेल्या मसुद्यात शीतपेयं, चैनीचे पदार्थ आणि गोठवलेले चैनीचे पदार्थ यांना मनाई होती. सिनेटमध्ये इलिनॉयचे पॉल डग्लस शीतपेयांवर बंदीसाठी आग्रही होते. ते कर्मठ काटकसरवाले मुळीच नव्हते, चांगले उदारमतवादी होते. पोरांच्या दुधाची जागा कोका-कोला घेईल, एवढीच त्यांची भीती. तिला उत्तर मिळालं ते व्यवहाराचं: चैनीचा पदार्थ कोणता हे ठरवणार कोण? गल्ल्यावरची मुलगी? शेवटी ३१ ऑगस्ट १९६४ ला जॉन्सन यांनी सही केली त्या कायद्यात माणसाच्या खाण्याचं सगळं चालेल असं ठरलं. वगळलं काय, तर दारू, तंबाखू आणि आयात केलेलं अन्न. म्हणजे शीतपेय चालेल, पण पाकिटावर परदेशी असल्याचं छापलेलं असेल तो पदार्थ चालणार नाही. शेतकऱ्याचा हात इथेही दिसतो. आयातीवरची बंदी पुढे सत्तरच्या दशकात गळून पडली.

आता त्या विकत घ्यायच्या अटीचं. मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशात पिढ्यान् पिढ्या कापूस वेचणारी कृष्णवर्णीय माणसं होती. साठच्या दशकात वेचणी यंत्रं करू लागली, तण औषधाने मरू लागलं, आणि माणसांची गरज संपली. तोवर त्यांना फुकटच्या गोदामी अन्नावर कसंबसं जगता येत होतं. एकेक काउंटी फूड स्टॅम्पकडे वळली तसं ते गोदाम बंद झालं. नवी तिकिटं पाहिजेत तर माणशी किमान दोन डॉलर आधी मोजा. ज्या घरात महिनोन्महिने नाणं दिसत नव्हतं, त्या घराने दहा माणसांचे वीस डॉलर आणायचे कुठून? सुधारणा म्हणून आलेल्या योजनेने लोकांच्या तोंडचा घास काढला.

हे वॉशिंग्टनला सांगितलं मिसिसिपीतल्या एका तरुण वकील बाईने, मेरियन राइट यांनी. त्या सिनेटच्या समितीसमोर बोलल्या आणि या तुम्हीच बघायला, म्हणाल्या. एप्रिल १९६७ मध्ये सिनेटर जोसेफ क्लार्क आणि रॉबर्ट केनेडी गेले. क्लीव्हलंड गावातल्या एका अंधाऱ्या झोपडीत जमिनीवर एक तान्हं पोर बसलं होतं. पोट फुगलेलं, अंगावर फोड, समोर सांडलेलं काहीबाही वेचत. केनेडी खाली बसले, त्याच्या गालावर हात फिरवत राहिले, त्याला बोलकं करायला बघत राहिले. पोर वर बघेना. बरोबरच्या पत्रकारांनी ते लिहिलं आणि देशभर छापून आलं. परत आल्यावर दोघे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांना भेटले. फ्रीमन यांना अजिबात उत्पन्न नसलेली कुटुंबं असू शकतात हेच पटेना. मंत्रालयात बसून हे पटणं कठीणच असतं. तरी त्या वर्षात सर्वांत गरिबांसाठी दर माणशी दोन डॉलरवरून पन्नास सेंटवर आणला गेला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सीबीएस वाहिनीने अमेरिकेतल्या भुकेवर एक माहितीपट दाखवला आणि हा विषय दिवाणखान्यांत शिरला. सिनेटने पोषणावर खास समिती नेमली. तिचे अध्यक्ष साउथ डकोटाचे जॉर्ज मॅकगव्हर्न, डेमोक्रॅट. त्यांच्या जोडीला कॅन्ससचे बॉब डोल, रिपब्लिकन. दोघेही गव्हाच्या प्रदेशातले, दोघेही दुसऱ्या महायुद्धात लढलेले. एरवी एकमेकांचे कट्टर विरोधक, पण अन्नाच्या बाबतीत या जोडगोळीने जे केलं ते आजच्या अमेरिकेत कुणाला स्वप्नातही दिसणार नाही. १ जुलै १९७४ पासून योजना देशभर लागू झाली. १९७७ च्या कायद्याने विकत घ्यायची अट एकदाची काढली, आणि १ जानेवारी १९७९ पासून तिकिटं सरळ हातात मिळू लागली. त्या एका महिन्यात पंधरा लाख माणसं वाढली. दोन डॉलरच्या भिंतीपलीकडे किती जण उभे होते, याची यापेक्षा वेगळी मोजदाद नको.

दरम्यान पोषण या शब्दाने मागच्या दाराने प्रवेश केला, तोही डॉक्टरांच्या हातून. काही शहरांतल्या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की दवाखान्यात येणारी कितीतरी पोरं आजारी नसून भुकेली आहेत. त्यांना औषधाची चिठ्ठी देऊन उपयोग नाही, दुधाची चिठ्ठी द्यायला हवी. यातून १९७२ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या पुढाकाराने गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुलं यांच्यासाठी ‘विक’ नावाची वेगळी योजना आली. तिचं पहिलं केंद्र जानेवारी १९७४ मध्ये केंटकीतल्या पाइनव्हिल गावात उघडलं. फूड स्टॅम्पच्या अगदी उलट तऱ्हा. इथे यादी होती, आणि काटेकोर होती: दूध, अंडी, चीज, फळांचा रस, लोहयुक्त सीरियल, तान्ह्यांसाठी डब्याचं दूध. सीरियलमध्ये साखर औंसाला सहा ग्रॅमपेक्षा जास्त नको.

माझ्या मते अन्नाची यादी करायचीच तर ती अशी, डॉक्टरांनी केलेली. तरी तीही धुतल्या तांदळासारखी राहिली नाही. डब्याच्या दुधाचा खर्च परवडेना म्हणून १९८९ पासून प्रत्येक राज्याने कंपन्यांकडून बोली मागवायची सक्ती झाली. जी कंपनी सर्वाधिक सूट देईल तिचाच डबा त्या राज्यात विकवर मिळणार. सरकारचे अब्जावधी डॉलर वाचले. पण देशात खपणाऱ्या डब्याच्या दुधापैकी सुमारे निम्मं विकमार्फत जातं, त्यामुळे राज्याचं कंत्राट म्हणजे तिथल्या दुकानांची फळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये अ‍ॅबट कंपनीचा मिशिगनमधल्या स्टर्जिसचा कारखाना दूषित मालाच्या संशयावरून बंद पडला, तेव्हा अनेक राज्यांतल्या आयांच्या हातात ज्या डब्याचं कुपन होतं तोच डबा देशात कुठे मिळेना. शेजारी दुसऱ्या कंपनीचा डबा असेल तर तो नियमात बसेना. घाईघाईने सवलती द्याव्या लागल्या.

तिकिटांच्या बाबतीत लोकांचा खरा डोळा मात्र रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचा राहिला. कुपनांच्या वह्या असत, एक डॉलरचं कुपन तपकिरी, पाचचं निळं, दहाचं हिरवं. ती गल्ल्यावर सगळ्यांदेखत फाडून द्यायची. मागचा माणूस टोपलीत डोकावणारच. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन नेमकी हीच रांग रंगवून सांगत: पुढचा धट्टाकट्टा तरुण फूड स्टॅम्पवर भारी मांसाचे तुकडे घेतोय आणि तुम्ही बिचारे खिम्यावर भागवताय. गोष्टीतला माणूस कधी कुणाला सापडला नाही, पण गोष्ट राहिली. गरिबाने सोडा घेतला तर तो आरोग्याचा शत्रू, आणि चांगलं मांस घेतलं तर तो उधळ्या. मग त्याने घ्यावं काय?

१९८४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग गावात कुपनाऐवजी प्लास्टिकचं कार्ड करून पाहिलं. २००४ पर्यंत ते सगळ्या राज्यांत पोचलं, आणि ऑक्टोबर २००८ पासून योजनेचं नावही बदलून ‘स्नॅप’ झालं. रांगेतली लाज बरीच कमी झाली. पण निवाडा आता यंत्राकडे गेला. कार्ड फिरवलं की कोणती वस्तू चालेल हे संगणक ठरवतो, आणि त्याच्यामागचे नियम वाचायला बसलं की वेळ बरा जातो.

थंड भाजलेली कोंबडी चालते, शेगडीवरून उतरलेली गरम चालत नाही. बी-बियाणं आणि खाण्याजोगी रोपं १९७३ पासून चालतात. जिवंत मासा पाण्याबाहेर काढलेला असेल तर चालतो. खाता न येणारी सजावट किमतीच्या निम्म्याहून जास्त नसेल तर वाढदिवसाचा केक चालतो. अलास्काच्या दूरच्या वस्त्यांत तर गळ, जाळं, सुरी हेही चालतं, कारण तिथे दुकान म्हणजे नदी.

आणि पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचं? तिथे तर सगळा खेळ डब्याच्या पाठीवरच्या चौकटीचा आहे. दुकानाच्या एकाच फळीवर दोन डबे ठेवलेले असतात. दोन्हींवर पिळदार दंडाचं चित्र, दोन्हींत दुधापासून काढलेल्या प्रथिनांची भुकटी, दोन्हींत व्हॅनिलाचा वास. एकाच्या पाठीवर ‘न्यूट्रिशन फॅक्ट्स’ छापलेलं असतं, दुसऱ्याच्या पाठीवर ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’. पहिला कायद्याने अन्न, म्हणून कार्डावर मिळतो. दुसरा पूरक, म्हणून मिळत नाही. चौकट कोणती छापायची ते मुख्यतः कंपनी आपला माल कसा विकते यावर ठरतं. ही विभागणी पक्की झाली ती १९९४ च्या पूरक पदार्थांच्या कायद्याने, आणि तो कायदा झाला तेव्हा फूड स्टॅम्पचा विचार कुणाच्या मनातही नसावा. म्हणून आजीला डॉक्टरांनी सांगितलेलं डब्यातलं पौष्टिक पेय कार्डावर येतं, लोहाची गोळी येत नाही. संत्र्याचा रस येतो, क-जीवनसत्त्वाची गोळी येत नाही. आणि ‘न्यूट्रिशन फॅक्ट्स’ची चौकट असलेलं कॅफिनने भरलेलं एनर्जी ड्रिंक येत आलं. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांना परवानगी द्यावी का याचा अभ्यास करायला १९९६ च्या कायद्याने कृषिखात्याला सांगितलं होतं. अहवाल १९९९ मध्ये आला, नियम जागचा हलला नाही.

गोळीला मनाई आणि सोड्याला मुभा, हे मला न्यायाचं वाटत नाही. पण उलट केलं तर न्याय होईल, असंही वाटत नाही. २००४ मध्ये मिनेसोटाने गोड खाऊ आणि शीतपेयं वगळायची परवानगी मागितली, कृषिखात्याने नाकारली. २०१० मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी साखरी पेयांसाठी मागितली, पुढच्या ऑगस्टमध्ये तीही नाकारली गेली. दोन्ही वेळा सरकारं वेगळ्या पक्षांची होती, कारणं बरीचशी १९६४ चीच: कोण ठरवणार, कसं ठरवणार. पुढे कृषिखात्याने २०११ च्या खरेदीचा एक मोठा तपशील प्रसिद्ध केला. स्नॅपवरची घरं किराण्यातला ९.३ टक्के पैसा गोड पेयांवर घालत होती. बाकीची अमेरिका ७.१ टक्के. फरक आहे, पण दोन्ही टोपल्या इतक्या सारख्या की एकीवर बोट ठेवायचं तर दुसरीही लपवता येत नाही.

दुसरी वाट मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन काउंटीत धरली गेली. तिथे २०११-१२ मध्ये कार्डावर भाजी-फळं घेतली की डॉलरमागे तीस सेंट परत, असा प्रयोग झाला. लोक ती भाजी-फळं सुमारे २६ टक्के जास्त खाऊ लागले. म्हणजे दिवसाला साधारण पाव कप. मोठी क्रांती नव्हे, पण कुणाच्या टोपलीत कुणी हात घातला नव्हता. डेट्रॉइटमध्ये २००९ पासून शेतकरी बाजारात कार्डावरच्या पैशाला दुप्पट भाजी देणारी योजना चालली, तिचा कित्ता पुढे बऱ्याच राज्यांनी गिरवला.

मे २०२५ मध्ये वारं फिरलं. कृषिमंत्री ब्रुक रोलिन्स यांनी नेब्रास्काला शीतपेयं आणि एनर्जी ड्रिंक वगळायची परवानगी दिली, अशी ती पहिलीच. पाठोपाठ राज्यांची रीघ लागली. १ जानेवारी २०२६ पासून ज्या पाच राज्यांत बंदी सुरू झाली त्यांत इंडियाना, युटा, वेस्ट व्हर्जिनिया आणि आयोवाही आहेत. प्रत्येकाची यादी निराळी. एका राज्यात सोडा बंद पण चॉकलेट चालू, शेजारच्यात दोन्ही बंद.

आयोवाने तर नवी यादी करायचा त्रासच घेतला नाही. ज्या खाद्यपदार्थांवर राज्याचा विक्रीकर लागतो ते कार्डावर नाहीत, असं ठरवून टाकलं. आता आयोवाच्या करकायद्यात गोड खाऊची व्याख्या अशी की त्यात पीठ असेल तर तो गोड खाऊ नव्हे. त्यामुळे नुसत्या चॉकलेटची वडी कार्डावर मिळत नाही. तेच चॉकलेट आत बिस्किटाचा पापुद्रा घालून आलं तर मिळतं.